किनाऱ्याने आठ दिवस तंबूत: पुन्हा जावे, की तंबू विकून टाकावा?

वाळूतली खुंटी (प्रश्न)

नमस्कार. गेल्या पौषात मी आणि माझा नवरा पुण्याहून गाडी घेऊन ताम्हिणीमार्गे दिवेआगरला उतरलो आणि तिथून सागरी महामार्गाने, खाड्या फेरीबोटीने ओलांडत, देवगडपर्यंत गेलो. येताना फोंडाघाट, राधानगरी, कोल्हापूर असे परतलो. एकूण आठ दिवस आणि सात रात्री. लग्नाला अकरा वर्षे झाली आहेत, पण सलग सात रात्री तंबूत काढण्याची ही आमची पहिलीच वेळ होती. घरी परतल्यावर तंबू गॅलरीत वाळत घातला, तेव्हापासून आमच्यात एकच वाद चालू आहे. नवरा म्हणतो, फाल्गुनात पुन्हा जाऊ. मला जायचे आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे किंवा जे त्या भागातच राहतात, त्यांनी आमचे कुठे चुकले ते स्पष्ट सांगावे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सर्वांत वाईट रात्र केळशीची होती. त्या दिवशी हरिहरेश्वरहून बागमांडल्याला येऊन वेश्वीची फेरीबोट धरली, बाणकोटच्या किल्ल्यावर ठरवल्यापेक्षा बराच जास्त वेळ घालवला, मग वेळासला थांबलो. केळशीच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. समोर वाळूचे इतके मोठे मैदान पसरलेले होते की समुद्र कुठेतरी दूर राहिला आहे असेच वाटावे. अंधार पडायच्या आत तंबू लागला पाहिजे, या घाईत आम्ही सुरूच्या झाडांपासून चांगले साठ-सत्तर पावले पुढे, सपाट आणि ओलसर वाळूत खुंट्या ठोकल्या. कोरड्या वाळूत त्या टिकत नव्हत्या आणि ओल्या वाळूत मात्र छान बसत होत्या. खिचडी झाली, चंद्र वर आला, सगळे चित्रासारखे होते. साडेदहाच्या सुमारास मला झोपेत पाठीखाली गार लागले. हात लावून पाहते तो तंबूच्या तळाखालून पाणी सरकत होते. चेन उघडायला गेले, तर तिच्या दातांत वाळू अडकलेली. नवरा ती ओढतो आहे, मी विजेरी धरून आहे आणि बाहेर दुसरी लाट येते आहे, असा तो सगळा प्रसंग. शेवटी चेन हातभर उघडली आणि आम्ही त्यातून एकामागून एक बाहेर पडलो. पांघरुणे, कपड्यांची पिशवी आणि मेतकुटाचा डबा वाचला. स्टोव्ह आणि नवऱ्याचा एक बूट गेला. उरलेली रात्र गाडीत बसून काढली आणि त्या सगळ्या वेळात आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. माझे म्हणणे असे की बाणकोटला मी दोनदा 'आता निघू या' म्हटले होते. त्याचे म्हणणे असे की ओल्या वाळूची जागा मी निवडली होती. दोन्ही खरे आहे, हाच त्रास आहे.

आता दुसरी बाजू. दोनच दिवसांनी, गुहागरहून हेदवीला गेलो असताना, उमामहेश्वराच्या देवळामागे खडकात असलेली बामणघळ पाहायला गेलो. दुपारचे पाऊण वाजले होते. त्या अरुंद घळीत लाट आत शिरली की आधी पोकळ ढोलासारखा आवाज येतो, क्षणभर काहीच होत नाही आणि मग पाण्याचा खांब सरळ वर उसळतो. आम्ही तिथे तासभर उभे होतो. केळशीनंतर पहिल्यांदा आम्ही मोकळेपणाने हसलो ते तिथे, दोघेही नखशिखान्त भिजल्यावर. तवसाळहून जयगडला जाणाऱ्या फेरीबोटीवर सकाळच्या वेळी आमचीच एक चारचाकी आणि तीन दुचाकी होत्या. बोटीच्या कठड्याला टेकून थर्मासमधला चहा पिताना मला वाटले, की असेच आणखी महिनाभर फिरता आले तरी चालेल. मालगुंडला केशवसुतांचे घर पाहिले आणि जवळच एका काकूंच्या वाडीत, त्यांच्या परवानगीने, अंगणात तंबू लावला. "घरात खोली रिकामी असताना दवात कशाला निजता?" असे त्या तीनदा म्हणाल्या आणि पहाटे बंबातले कढत पाणी बादलीभर आणून ठेवले. ती रात्र सगळ्यांत सुखाची होती.

माझे प्रश्न असे आहेत. एक, केळशीत पाणी तिथवर येईल हे आधी कसे ओळखायचे? दुसरे, जवळजवळ प्रत्येक सकाळी तंबू आतून ओला असायचा, पांघरुणेही दमट व्हायची. यावर उपाय आहे का? तिसरे, देवगडला आंब्याच्या झाडाखाली तंबू लावला, तर सकाळी वरचे कापड आणि गाडीची काच चिकट झाली होती, ते काय असावे? आणि शेवटचे, जे खरे तर पहिले आहे: रोज संध्याकाळी आमचे जे भांडण व्हायचे, ते सगळ्यांचेच होते का?

खाडीकाठचा

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. चंद्र वर आला होता, असे तुम्ही लिहिले आहे आणि नंतरचा हेदवीचा हिशेब पाहता ती शाकंभरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची, म्हणजे चतुर्दशीची रात्र असणार. आमच्याकडे कोणीही भरतीची वेळ तिथीवरून काढतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्दशीला चौदा पाऊणे साडेदहा. तुम्हाला गार लागले तेही साडेदहालाच. हा हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, शिवाय वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे असते. पण तंबू कुठे ठोकायचा हे ठरवायला तो पुरेसा आहे. मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, तेही पाहावेत.

आता यातली खरी मेख सांगतो. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, म्हणून ओहोटी नेमकी संध्याकाळी असते. त्या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी जितके जास्त चढते तितकेच ते जास्त मागेही जाते. म्हणजे पुण्या-मुंबईचा माणूस सूर्यास्ताला किनाऱ्यावर उतरतो, तेव्हा त्याला महिन्यातला सर्वांत रुंद किनारा दिसतो आणि तो तिथेच पथारी पसरतो. केळशी, आंजर्ले, मुरुड हे किनारे उताराने अगदी मंद आहेत. तिथे पाणी हातभर चढले तरी ते आडवे कितीतरी दूरवर पसरते. संध्याकाळी सहाला वाळू ओलसर आहे, याचा अर्थ दुपारी तिथे समुद्र होता आणि रात्री तो परत येणार आहे. तुमच्या खुंट्या ज्या वाळूत छान बसल्या, ती वाळू त्याच कारणाने घट्ट होती.

याच्या उलट अष्टमीचे पाहा. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण झालेली असते, पाणी कुठवर येते ते तुम्हाला डोळ्यांनी दिसते आणि मध्यरात्री ते मागे गेलेले असते. शिवाय ती भांगाची भरती, तिला जोर कमी. चांदण्याचा मोह सोडलात तर तंबूसाठी अष्टमीच्या मागचे-पुढचे दोन-तीन दिवस पौर्णिमेपेक्षा कितीतरी चांगले. तरीही शेवाळ, काटक्या आणि शिंपले यांची जी वाकडीतिकडी रेघ किनाऱ्यावर दिसते, तिच्या वर, कोरड्या वाळूत, सुरूच्या कडेलाच राहावे. कोरड्या वाळूत खुंट्या ठोकूच नयेत. पिशवीत वाळू भरून तिला दोर बांधावा आणि ती हातभर खोल पुरावी, किंवा हातभर लांबीची काठी आडवी पुरून तिला दोर बांधावा. ओढून पाहा, उपटत नाही.

एक गंमत मात्र तुमच्या लक्षात आली नसावी. हेदवीला बामणघळ तुम्हाला इतकी जोरात उसळताना दिसली, ती त्याच उधाणामुळे. तुम्ही तिथे वद्य प्रतिपदेला पाऊण वाजता उभ्या होतात, म्हणजे बरोबर पूर्ण भरतीला. अष्टमीला गेला असतात तर दुपारी बाराला तिथे बहुधा नुसते खडक पाहून परतला असतात. ज्या पाण्याने तुमचा स्टोव्ह नेला, त्याच पाण्याने तुम्हाला हसवले.

आणि एक विनंती. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला आमच्या किनाऱ्यांवर येतात. वेळासचे नाव सर्वांना माहीत आहे, पण केळशी, आंजर्ले, गुहागर इथेही त्या येतात. रात्री वाळूत उजेड आणि माणसांची हालचाल दिसली की मादी अंडी न घालताच परत फिरते. म्हणून या महिन्यांत वाळूवर तंबू नकोच. गावात कोणाच्या तरी वाडीत विचारा. मालगुंडच्या काकू प्रत्येक गावात आहेत.

सपाट गादी

मी वेगळे मत मांडतो, राग नसावा. आम्ही पती-पत्नीने तीन वर्षे तंबू वापरला आणि चौथ्या वर्षी विकला. कोकणात हवेत इतका दमटपणा असतो की तंबू सुकत नाही, तो नुसता कमी ओला होतो. प्रत्येक गावात घरगुती राहण्याची सोय असताना, रात्री आठला आंबोळी आणि सोलकढी समोर येत असताना, वाळू मिसळलेली खिचडी खाण्यात नेमके काय मिळते, हे मला कधी कळले नाही. तुमची सर्वांत सुखाची रात्रही शेवटी कोणाच्या तरी अंगणातच गेली आणि त्या बाईंनी सुचवलेली खोली तुम्ही घेतली असती, तर दवाचा प्रश्नही पडला नसता.

दोघांची पथारी

वरच्या मताचा आदर आहे, पण मला ते पटत नाही आणि त्याचे कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नातच आहे. होय, ते भांडण सगळ्यांचे होते. आम्ही दोघे गेली नऊ वर्षे हिवाळ्यात असे फिरतो आहोत आणि पहिल्या दोन वर्षांत आमचे भांडण झाले नाही अशी एकही संध्याकाळ मला आठवत नाही. नंतर एकदा मी वहीत लिहून काढले, की कोणते भांडण कुठे आणि किती वाजता झाले. सगळीच्या सगळी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या दोन तासांतली निघाली. सकाळी आम्ही भांडत नव्हतो, रस्ता चुकल्यावर भांडत नव्हतो, दाभोळला फेरीबोट समोरून निघून गेली तेव्हाही नाही. जागा न मिळालेली असणे, उजेड जात असणे आणि पोटात भूक असणे ही तीन एकत्र आली, की बाणकोटला कोण रेंगाळले आणि ओली वाळू कोणी निवडली, असले हिशेब निघतात.

त्यानंतर आम्ही एकच नियम केला आणि तो आजवर मोडलेला नाही: चार वाजता आपण जिथे असू तिथेच मुक्काम. पुढची खाडी कितीही जवळ असो, ती उद्या ओलांडायची. जानेवारीत कोकणात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, म्हणजे दोन-सव्वादोन तास हातात राहतात. पहिला अर्धा तास आम्ही तंबूला हातही लावत नाही. एकजण गावात जाऊन विचारतो, दुसरा गाडीपाशी चहा करतो. विचारायला मीच जाते, कारण बाईमाणूस आले की कोणीही निःशंकपणे अंगण दाखवते, हा माझा अनुभव आहे. अंगण मिळाले तर उत्तम, नाहीतर देवळाच्या पुजाऱ्यांकडे किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करून मोकळी जागा. मग तंबू तो लावतो आणि मी त्यात बोलत नाही. स्वयंपाक मी करते आणि तो त्यात बोलत नाही. ही वाटणी ऐकायला बालिश वाटेल, पण दोघांनी मिळून एकच खुंटी ठोकण्यासारखे दुसरे वाईट काम नाही.

या नियमाची किंमतही आहे, ती लपवत नाही. आठ दिवसांत तुम्ही देवगड गाठलेत. आम्ही तेवढ्याच दिवसांत रत्नागिरीच्या पुढे कधी गेलो नाही. एका वर्षी तर आंजर्ल्यालाच तीन रात्री राहिलो आणि घरी सगळ्यांना वाटले की गाडी बिघडली.

ओलाव्याबद्दल: तंबू आतून ओला होतो तो मुख्यतः तुमच्याच श्वासाने. थंडी वाजते म्हणून आपण चारी बाजू बंद करतो आणि आतली वाफ गार कापडावर जमून थेंब होतात. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या चार बोटे उघड्या ठेवा. शाळेत शिकलो ते इथे उपयोगी पडते: दिवसा खारे वारे समुद्रावरून येतात आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. म्हणून एक खिडकी डोंगराकडे आणि दुसरी समुद्राकडे येईल असा तंबू लावावा, म्हणजे वारा आरपार जातो. वरचे कापड आतल्या कापडाला कुठेही चिकटता कामा नये, त्यासाठी दोर ताणलेले हवेत. झाडाच्या आडोशाला दवही कमी पडते, मात्र माडाखाली कधीही झोपू नये. नारळ नाही पडला तर झावळी पडते आणि तीही काही हलकी नसते.

हापूसवाला

देवगडचा चिकटा तुडतुड्यांचा. मोहोर आला की हे बारीक किडे त्यातला रस शोषतात आणि त्यांच्या अंगातून साखरेच्या पाकासारखा चिकट द्रव गळतो. झाडाखाली गाडी लावली तर सकाळी काच अशी होते की वायपर फिरवला तर आणखी फासते. नुसत्या कोमट पाण्याने पुसावे, सहज निघतो. तंबूचे कापड मात्र लगेच धुवा, नाहीतर त्या गोडव्यावर काळी बुरशी धरते. पानांवरही ती तशीच धरते.

पण चिकट्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. पौष-माघात आमच्याकडे मोहोर वाचवण्यासाठी फवारण्या चालू असतात आणि बहुतेक बागायतदार वारा पडलेला असताना, पहाटे किंवा सकाळी लवकर पंप सुरू करतात. तुम्ही झाडाखाली झोपलेल्या आहात हे गड्याला वरच्या बांधावरून दिसणार नाही. तेव्हा बागेत तंबू लावायचा तर मालकाला विचारूनच लावा आणि 'उद्या फवारणी आहे का' हा प्रश्न आवर्जून विचारा. त्याने हो म्हटले तर तो स्वतःच दुसरी जागा दाखवेल. बागेत चूल किंवा शेकोटी तर मुळीच नको. खाली वाळलेली पाने असतात.

आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, यायचे झाले तर खुंट्या घरीच ठेवा. वरची माती चार बोटे, खाली सगळा कातळ. पाहुणे ठोकत बसतात आणि वाकलेल्या खुंट्या मागे टाकून जातात. जांभ्याचा चिरा कुठेही मिळतो, त्याला दोर बांधा, तो कुठे जात नाही.

वाळूतली खुंटी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे उत्तर मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. 'चौदा पाऊणे साडेदहा' ऐकल्यावर तो उठून कालनिर्णय घेऊन आला आणि आमच्या आठही दिवसांच्या भरत्या पेन्सिलीने लिहून काढल्या. दिवेआगरला ज्या रात्री आम्ही निर्धास्त झोपलो होतो, तिथेही पाणी बरेच वर आले असणार. तिथे आम्ही सुरूच्या कडेला होतो, तेही पुढच्या वाळूत एका लग्नाच्या मंडळींची बैठक चालू होती म्हणून. म्हणजे आमच्या हुशारीने नव्हे.

'सपाट गादी' यांच्या म्हणण्यावरही विचार केला. मालगुंडची खोली घेतली असती तर झोप नक्कीच चांगली लागली असती. पण मग पहाटे बंब पेटवायला आलेल्या काकू, गोठ्यातून येणारा घंटेचा आवाज आणि माझ्याआधी उठून पायरीवर बसलेला नवरा हे एकाच वेळी मला दिसले नसते. एवढ्यासाठी पांघरूण दमट झाले तर माझी हरकत नाही, असे मला लिहिता लिहिता वाटू लागले आहे. चारच्या नियमावर मात्र घरात अजून एकमत नाही. नवरा पाच म्हणतो आहे. मी साडेचारला तयार होईन, हे त्याला अजून सांगितलेले नाही.

फाल्गुन शुद्ध अष्टमीच्या आधी दोन दिवस निघायचे ठरते आहे. तंबू वाडीतच लावायचा, वाळूवर नाही. पिल्ले समुद्रात सोडताना पाहायची म्हणून वेळासपासूनच सुरुवात करू आणि फार तर गुहागरपर्यंत जाऊ. हेदवीची घळ अष्टमीला उसळणार नाही, हे कळल्यामुळे ती पुढच्या पौर्णिमेसाठी राखून ठेवली आहे.

एक छोटी अडचण उरली आहे. तंबूची चेन तीनदा झटकली तरी अजून मध्येच अडकते. बदलून घ्यावी लागेल का?

दोघांची पथारी

इतक्यात बदलू नका. आधी गोड्या पाण्यात तासभर भिजत ठेवा, म्हणजे मीठ सुटेल. मग जुन्या दात घासायच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी घासा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर साधी पांढरी मेणबत्ती दातांवरून दोन-तीनदा फिरवा. तेल लावू नका, त्याला वाळू जास्त चिकटते. आमची चेन तशीच सहा वर्षे चालली आहे.

खाडीकाठचा

आणि एवढे करून निघण्याच्या आदल्या दिवशी घरीच तंबू लावून, आत जाऊन, अंधारात ती चेन एकदा उघडून पाहा.